दर्याकडचं दार

काचेच्या दाराच्या खालच्या ट्रॅकमध्ये काय साठलंय ते पाहून आमच्या नागावच्या घरात महिना सांगता येतो. वैशाखात काळसर, बारीक वाळू असते, दुपारच्या वाऱ्यानं सुरूच्या बनातून उचलून आणलेली, आणि तिच्यात सुरूच्या वाळक्या काड्या. मृगाच्या तोंडावर एखादी सर पडून गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी वाळवीचे पंख सापडतात. रात्री दिव्यापायी काचेवर येऊन गळलेले, झटकायला गेलं तर बोटांना चिकटणारे. श्रावणात कडेकडेनं शेवाळ धरतं. भाद्रपदात दुर्वांची काडी, उदबत्तीची राख आणि समुद्रावरून पळत आलेल्या भाच्यांच्या पायांची ओली वाळू. दिवाळीला रांगोळीचा रंग. माघात आंब्याचा मोहोर, चिकट आणि गोडसर वासाचा.

सकाळच्या चहाआधी मी हे सगळं झाडून काढते. ब्रश रंगकामाचा आहे. पेणला गणपतीच्या कारखान्यात काम करणाऱ्या मामेबहिणीनं तो दिला. मूर्तीच्या बोटांमधल्या फटीत जाणारा ब्रश ट्रॅकच्या कोपऱ्यातही जातो. आधी सगळं कोरडं काढायचं, कोपऱ्याकडून मध्याकडे. आधीच पाणी ओतलं तर वाळूचा रबरबाट होतो आणि तो नेमका चाकांच्या फटीत जाऊन बसतो. कोरडं निघालं की मग विहिरीच्या गोड्या पाण्यात पिळलेलं फडकं, दोन्ही रुळांवरून. ते फडकं वाळत घातलं की उन्हात त्याच्यावर पांढरी कड उमटते. समुद्र आमच्यापासून सुरूच्या बनापलीकडे आहे, अंगणातून त्याचा नुसता आवाज आणि बुंध्यांमधून तुकड्या-तुकड्यांनी पाणी. तरी त्याचं मीठ रोज घरापर्यंत येतं.

हे दार घराचं मूळचं नाही. जिथे आता काच आहे तिथे पडवी होती. चार लाकडी खांब, झोपाळा, सुपाऱ्या सोलायला बसण्याची जागा, आणि पश्चिमेची बाजू पूर्ण उघडी. पाऊस तोंडावर आला की अण्णा त्या बाजूनं झापं बांधून घेत. नारळाच्या झावळ्या पाण्यात भिजवून विणलेली झापं, काथ्यानं खांबांना आवळलेली. मग चार महिने पडवीत अंधार. झापांतून गाळून आलेला हिरवट उजेड, ओल्या झावळीचा वास, आणि बाहेर पाऊस नुसता ऐकायचा. दसऱ्याच्या सुमारास झापं सोडली की घरभर एकदम इतका उजेड येई की आम्ही पोरं उगाचच धावत सुटायचो. पुढे झापं विणणाऱ्या बाया कमी झाल्या, निळं प्लॅस्टिक आलं. प्लॅस्टिकला वास नव्हता, आणि वाऱ्यात त्याची रात्रभर फडफड चाले.

अण्णा गेल्यावर आईचे गुडघे धरले. ती दिवसाचा बराच वेळ पडवीतच काढू लागली. पावसाळ्यात प्लॅस्टिकच्या आड बसणं तिला सोसेना. तिनं एकच मागणी केली: पाऊस दिसला पाहिजे. दादा ठाण्याला राहतो. त्याच्या घरच्या गॅलरीला असतं तसं दार त्यानं सुचवलं. तीन ट्रॅकचं अॅल्युमिनियमचं दार, दोन झडपा काचेच्या, एक मच्छरच्या जाळीची. वाडीतल्या काही जुन्या माणसांना ते आवडलं नाही. पडवी म्हणजे आल्यागेल्याची जागा, तिला दार कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं आणि आहे. आता येणारा माणूस काचेपाशी थबकतो, चपला कुठे काढायच्या याचा अंदाज घेतो. पूर्वी तो बोलत बोलतच आत येई. पण पहिल्या आषाढात आई काचेआड खुर्ची टाकून बसली आणि विहिरीच्या रहाटावर पडणारं पाणी दिवसभर पाहत राहिली, त्यानंतर मला या दाराबद्दल परकेपणा वाटला नाही.

इतकी मोठी, सपाट, आरपार काच सामान्य घराच्या आवाक्यात येऊन फार काळ लोटलेला नाही. वितळलेल्या कथलावर वितळलेली काच तरंगत ठेवून तिचा सलग पत्रा करण्याची युक्ती इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीनं 1959 मध्ये जाहीर केली. तोवर मोठी काच घासूनपुसून सपाट करावी लागे आणि ती श्रीमंतांकडेच असे. आमच्याच जिल्ह्यात, तळोज्याला, अशा तरंगत्या काचेचा कारखाना उभा राहिला. एक चौरस मीटर काच, जाडी एक मिलिमीटर, वजन अडीच किलो, असा सोपा हिशेब आहे. आमची काच 8 मिलिमीटरची. म्हणजे पुरुषभर उंचीची एक झडप पन्नास किलोच्या घरात जाते. हा सगळा भार खालच्या पट्टीत लपलेल्या, रुपयाच्या नाण्याएवढ्या नायलॉनच्या चाकांवर असतो, आणि आई तो एका हातानं सरकवते.

काचेनं एक गोष्ट मात्र बिघडवली. सकाळच्या उन्हात तिच्यात अख्खी वाडी दिसते. माडाचे शेंडे, सुपारीची रांग, आभाळ. बुलबुलाला ते खरं वाटतं. एकदा धप्प आवाज आला आणि पायरीवर खंड्या पडलेला, चोच उघडी, निळा पंख अर्धा पसरलेला. बऱ्याच वेळानं तो उडाला. पक्षितज्ज्ञ सालीम अलींनी 1930 च्या सुमारास इथून जवळच, किहीमला राहून सुगरणींचा अभ्यास केला. घरटी बांधणाऱ्या नरांचं सगळं वागणं त्यांनी या किनाऱ्यावर बसून टिपलं. तेव्हा इथल्या घरांना लाकडी झडपा होत्या आणि पाखरांची वाट कुणी अडवलेली नव्हती. आता मी काचेच्या बाहेरच्या बाजूनं वितभर अंतरानं सुंभाचे दोर सोडलेत. दृश्य थोडं तुटतं. तेवढं तुटलेलं चालेल असं मला वाटतं, आणि मोठाल्या काचा लावणाऱ्या प्रत्येकाला ते चालायला हवं.

दार बिघडतं म्हणजे काय होतं ते मला अलिबागच्या मिस्त्रीमामांनी शिकवलं. दार जड झालं म्हणून त्यांना बोलावलं तेव्हा मला वाटलं चाकं गेली. त्यांनी हत्यारांची पिशवी खालीच ठेवली, एका बोटानं झडप सरकवली, डोळे मिटून ऐकली. म्हणाले, "चाक नाय गेलं ताई. शटर एका बाजूनं बसलंय." झडपेच्या खालच्या कडेला एक छोटं भोक असतं, त्याच्या आत स्क्रू. तो फिरवला की चाक खाली उतरतं आणि झडपेचा तो कोपरा वर उचलला जातो. मामांनी अर्धा आटा इकडे, पाव आटा तिकडे असं करत झडप आणि चौकट यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी करून घेतली. पेन्सिलीनं नाही, पट्टीनं नाही. फटीतून येणारी उजेडाची रेघ बघून. रेघ सरळ झाली आणि दार हलकं झालं.

झडप बाहेर काढायची तर दोघं लागतात. दोन्ही बाजूंनी धरून ती आधी सरळ वर उचलायची, वरच्या ट्रॅकमध्ये तेवढी जागा ठेवलेलीच असते. मग खालची कड रुळावरून सुटली की आपल्याकडे ओढायची, आणि शेवटी वरची कड खाली उतरवायची. काच उभीच राहिली पाहिजे, आडवी धरली की वाकते. पहिल्यांदा हे केलं तेव्हा पलीकडून धरायला शेजारचे काका आले होते, आणि ती जड, पारदर्शक वस्तू आमच्या दोघांच्या मध्ये असताना एकमेकांचा चेहरा इतक्या जवळून दिसत होता की बोलायला संकोच वाटला. काढलेली झडप गोधडीवर, भिंतीला टेकवून ठेवली. खालच्या पट्टीतून मिठाची ढेपळं पडली, एक मेलेली पाल, आणि कधी हरवला ते आठवत नाही असा आईच्या कानातल्याचा मोती.

"तेल घालायचं नाय," मामांनी बजावलं. हे पचवायला मला वेळ लागला. कुरकुरणाऱ्या दाराला खोबरेल, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण बिजागरी वर असते, हवेत. हा रूळ जमिनीवर, वाऱ्याच्या वाटेत आहे. तेल लागलं की वाळू त्याला धरून बसते आणि चाकाला कानशीसारखी घासत राहते. मामांनी खिशातून साधी पांढरी मेणबत्ती काढली आणि रुळाच्या माथ्यावरून टोकापासून टोकापर्यंत घासली. मेणाला वाळू चिकटत नाही. जपानी घरांत कागदी सरकती दारं असतात, त्यांच्या लाकडी खाचेलाही मेणच लावतात असं मी वाचलं आहे. तिकडे वर्षाच्या अखेरीला घराची मोठी झाडलोट होते तेव्हा दारांवरचा जुना कागद फाडून नवा चिकटवण्याची रीत आहे, आणि फाडण्याचं काम हौसेनं पोरांच्या हाती देतात. दाराची दुरुस्ती हा वर्षाच्या सणाचा भाग असावा, हे मला फार आवडलं.

सरकवायची दारं आपल्याकडेही होती, फक्त घरांना नव्हती. बाजारपेठेतल्या जुन्या दुकानांना उभ्या फळ्या असत. खाली उंबऱ्याला खाच, वर तुळईला खाच, आणि एकेक फळी एका टोकाकडून आत सोडून पुढे सरकवत न्यायची. फळ्यांवर खडूनं किंवा रंगानं आकडे घातलेले, कारण पावसात फुगून आणि उन्हात आकसून प्रत्येक फळीचा स्वभाव वेगळा झालेला. चारची फळी पाचच्या जागी बसत नसे. लहानपणी रेवदंड्याच्या बाजारात सकाळी गेलं की दुकानदार आधी खराट्याच्या काडीनं खाच साफ करताना दिसे, आणि मग फळ्या एकेक करून बाहेर निघत. आता बहुतेक ठिकाणी लोखंडी शटर आली आहेत. ती खाऱ्या वाऱ्यात खालून सडत जातात, आणि त्यांचा तो कर्कश आवाज मला अजून सवयीचा झालेला नाही.

खाऱ्या हवेचं वागणं समजून घ्यायला या दारानं मला बरंच शिकवलं. मला वाटे, पाऊस ज्या भागाला जास्त झोडपतो तो भाग आधी खराब होणार. झालं उलटंच. पावसाखाली थेट येणारी चौकट बरी राहिली, आणि पागोळीच्या आत, जिथे थेंब कधी पोचत नाही, तिथे अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरली. पाऊस मीठ धुऊन नेतो. जिथे तो जात नाही तिथे मीठ थरावर थर बसत राहतं. आमच्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण कौलांच्या वळचणीखालच्या चार बोटं जागेला त्यातला एक थेंब मिळत नाही. म्हणून आता दर शनिवारी तिथे तांब्याभर गोडं पाणी मी हातानं मारते. अॅल्युमिनियम स्वतःच्या अंगावर एक पातळ साय धरून आतल्या धातूला जपतं, पण मिठाला ती साय बारीक बारीक जागी फोडता येते. त्यात कुणी घाईत साधा लोखंडी स्क्रू मारला असेल तर दोन धातू आणि खारं दव मिळून तिथे विजेचा एक चिमुकला खेळ सुरू होतो, आणि झिजत जातं ते अॅल्युमिनियम. आमच्या चौकटीत असे स्क्रू होते. मामांनी ते काढून 316 नंबरच्या स्टीलचे बसवले. त्यात मॉलिब्डेनम असतं आणि समुद्राकाठी तेच टिकतं. किंमत दुपटीच्या आसपास. दारात पैसे कुठे घालावेत असं मला कुणी विचारलं तर मी आधी स्क्रूच सांगेन. हँडल कितीही देखणं असो.

अलिबागला एक अशी इमारत आहे की जिच्या बांधकामात लोखंड कटाक्षानं टाळलं गेलं. कारण मात्र गंज नव्हे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या, पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या नाजूक यंत्रांची नोंद बिघडली असती, म्हणून नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत ती नोंद अलिबागला हलवली. 1904 पासून इथे मोजणी सुरू झाली; दोन वर्षं दोन्हीकडे सोबतीनं चालली, आणि 1906 मध्ये कुलाब्याची थांबली. चुंबकाला प्रतिसाद न देणारा दगड, लाकूड, आणि लोखंडाऐवजी तांब्या-पितळेचं सामान. समुद्राच्या कडेला शंभर वर्षांहून जास्त काळ ती नोंद अखंड चालू आहे. वेधशाळेवरून जाताना माझ्या मनात विज्ञानाआधी तिथल्या बिजागऱ्या येतात. कुणीतरी त्या पुसत असणार, वर्षानुवर्षं.

ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला बारीक चिरा असतात. आडव्या पावसात ट्रॅक पाण्यानं भरतो तेव्हा ते पाणी तिथून अंगणात पडावं म्हणून. या चिरा बुजल्या तर पाणी आत घरात येतं, आणि त्या बुजवण्याचं काम कुंभारमाशी मोठ्या निगुतीनं करते. वैशाखात ती ओल्या मातीची गोळी आणते, चिरेत घर करते, आळी ठेवते, तोंड लिंपून टाकते. मृगाआधी सायकलच्या जुन्या आऱ्यानं मी एकेक चीर मोकळी करते आणि ट्रॅकमध्ये पेलाभर पाणी ओतून पाहते. बाहेरून धार लागली की झालं.

आतलं पाणी बाहेर जावं आणि बाहेरचं आत येऊ नये, एवढंच त्या चिरांचं काम. आमच्या तालुक्याच्या पूर्वेच्या अंगाला, खाडीलगतच्या गावांत हेच काम उघाडी करते. तिथली भातशेती समुद्रसपाटीशी बरोबरी करणारी, कुठे कुठे उधाणाच्या पाण्याहून खालची. खाडीकडून मातीचा बांध, बाहेरकाठा, आणि त्या बांधात जागोजाग उघाडी. तिची झडप खाडीच्या बाजूला असते. भरती चढू लागली की पाण्याच्या रेट्यानंच ती घट्ट मिटते. ओहोटी लागली की आत साठलेलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. माणसानं करायचं ते एवढंच की झडपेत लाकूड, जाळं, प्लॅस्टिक अडकू द्यायचं नाही, आणि बांधाला खेकड्यांनी पाडलेली बिळं वेळेवर बुजवायची. एक बीळ राहिलं तर उधाणात तिथे खांड पडते, खारं पाणी शेतभर पसरतं, आणि ते मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात. म्हणून पूर्वी खांड गेली की रात्री-अपरात्री घरटी एक माणूस घमेलं-फावडं घेऊन बांधावर जाई. आजोळच्या गावात मी हे ऐकलं आहे. कोण आलं नाही ते पुढे वर्षभर लक्षात ठेवलं जाई.

याच खारपट्ट्यात चरी हे गाव आहे. नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी 1933 मध्ये खोतांची जमीन कसायचं थांबवलं आणि 1939 पर्यंत ती कसली नाही. शेतं पडीक पडली, माणसं रानातल्या लाकूडफाट्यावर जगली. डॉ. आंबेडकर 1934 मध्ये चरीला आले आणि 1937 मध्ये त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. इतिहासाच्या पुस्तकांत हा कुळकायद्याकडे नेणारा लढा म्हणून येतो, आणि तो तसा आहेच. मला मात्र त्यातली बांधावरची माणसं दिसतात. समुद्र बाहेर ठेवण्याचं रोजचं काम ज्यांच्या हातांनी चालत होतं, त्यांच्या नावावर आतली जमीन नव्हती.

बुधवार, 3 जून 2020. निसर्ग वादळ दुपारी आमच्या किनाऱ्याला भिडलं, दक्षिणेला श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला त्याचा जोर सर्वांत मोठा. घरात आई आणि मी. सकाळीच काचेवर आडव्या-उभ्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, खालच्या ट्रॅकमध्ये लाकडाची पाचर मारली होती. बाराच्या पुढे वाऱ्याचा सूर बदलला, आणि मी पाहिलं की काचेत दिसणारं आमचं प्रतिबिंब आत-बाहेर होतंय. काच फुगत होती, परत बसत होती. ट्रॅकच्या चिरांतून पाणी बाहेर जाण्याऐवजी वाऱ्याच्या दाबानं उलटं आत उसळत होतं. मी आईला उठवलं, माजघरात नेलं आणि मधलं जुनं दार लावलं. सागवानी फळ्यांचं, अडसराचं दार, जे कित्येक वर्षं नुसतं भिंतीला टेकून उभं होतं. आईनं स्वतः अडसर सरकवला. तो भिंतीतल्या खोबणीतून सहज आला, जणू कालच वापरला असावा. अण्णा दर दसऱ्याला त्याला तेलाचा हात लावत. ते गेल्यावर आईनं ते चालू ठेवलं होतं आणि मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी बाहेर आलो तर काच शाबूत होती. पलीकडच्या घराची गेली होती, उडत आलेल्या कौलानं. टफन केलेली काच फुटली की तिचे साखरेच्या खड्यांइतके बारीक तुकडे होतात. ते अंगणभर, तुळशीवृंदावनात, पन्हळीत, सगळीकडे होते. वाडीतल्या सुपाऱ्या मध्यावर मोडून पडल्या होत्या. पश्चिमेच्या बाजूची पानं पुढच्या दोन दिवसांत करपून तपकिरी झाली, मिठानं. तेव्हा टाळेबंदी चालू होती, वीज नव्हती, मिस्त्री यायचे तर कुठून. शेजाऱ्यांनी फुटलेल्या दाराच्या जागी काय लावावं हे बराच वेळ ठरेना. मग पडलेल्या माडांच्या झावळ्या मुबलक होत्याच. एका म्हाताऱ्या आजींना झापं विणता येत होती. त्या ओट्यावर बसल्या, दोन पोरींना समोर बसवलं, आणि त्या पावसाळ्याचे पहिले काही पंधरवडे त्या घराला झापांचं दार होतं.

त्याच वर्षी मार्चमध्ये मांडव्याला भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसकट येणारी रो-रो बोट सुरू झाली होती. 2024 च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला. मुंबई जवळ आली तशी वाड्यांच्या जागी बंगले उभे राहत गेले. त्यांच्या समुद्राकडच्या भिंती म्हणजे नुसती काच, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढ्या उंचीची सरकती दारं. शनिवारी उघडतात, रविवारी संध्याकाळी मिटतात. मधले पाच दिवस मीठ कामाला लागलेलं असतं. दार वापरानं झिजतं त्याहून जास्त न वापरल्यानं अडतं. एकाच जागी भार पडून चाकाला चपटेपणा येतो, बेअरिंगमध्ये गंज धरतो, झडपांच्या कडेची लोकरीची पट्टी मिठानं ताठ होऊन काचेला चिकटते.

म्हणून आमच्या आळीतल्या वहिनी सकाळी किल्ल्यांचा जुडगा घेऊन निघतात. त्या आणि त्यांचे यजमान तीन-चार बंगल्यांची राखण करतात. प्रत्येक बंगल्यात जाऊन त्या सगळी दारं उघडतात, टोकापर्यंत नेतात, परत आणतात, ट्रॅकवर पाइपनं गोडं पाणी मारतात. मी एकदा त्यांच्यासोबत गेले. रिकाम्या दिवाणखान्यात, कापडं घातलेल्या खुर्च्यांमधून त्या अनवाणी चालत होत्या आणि दारामागून दार सरकत होतं. प्रत्येक दार त्यांना आवाजानं माहीत. "ह्याला पावसाळ्यात थोडं उचलून न्यावं लागतं," "ह्याची जाळी दक्षिणेच्या वाऱ्यात रुळावरनं उतरते." मी विचारलं, रोज कशाला, आठवड्यातून एकदा पुरे नाही का? त्या म्हणाल्या, "दार रोज हललं पायजे ताई. नायतर ते दार राहत नाय, भिंत होते."

त्यांच्या पगाराच्या हिशेबात झाडलोट आहे, बागेला पाणी आहे, रात्रीची राखण आहे. दारांचं हे रोजचं चालवणं त्यात कुठेच नाही. कुणी सांगितलंही नाही. त्यांनीच सुरू केलं, कारण अडकलेल्या दारावर मिस्त्री धसमुसळेपणानं काम करतात आणि काच तडकते हे त्यांनी पाहिलं होतं. मला वाटतं त्याचे पैसे त्यांना मिळायला हवेत, वेगळे, कामाचं नाव लिहून. मी एका मालकीणबाईंशी बोलले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, वहीत लिहूनही घेतलं. पुढे काय होतं ते पाहायचं. वहिनींना यातलं मी अजून काही सांगितलेलं नाही, आशा लावून ठेवणं बरं वाटत नाही.

सध्या आमच्याच दाराची डावी झडप अडून आहे. तिचं एक चाक खरोखरच गेलं, मधोमध चिरलं. आमचं सेक्शन आता बनत नाही असं मामांनी सांगितलं. दादानं मुंबईत नागदेवी स्ट्रीटला दुकानं पालथी घातली. जवळचं मिळालं ते दोन मिलिमीटरनं मोठं. शेवटी मी ते चिरलेलं चाक रुमालात बांधून अलिबागच्या लेथवाल्याकडे गेले. तो एरवी कोळ्यांच्या बोटींची कामं करतो. त्यानं चाक बोटांत फिरवून पाहिलं, कॅलिपर लावलं, आणि म्हणाला की नायलॉन कशाला, गनमेटलचं करून देतो, तुमच्या नातवंडांना पुरेल. मी मामांना फोन लावून दिला. दोघांचं बराच वेळ चाललं. मामांचं म्हणणं, गनमेटल टिकेल पण खालचा रूळ खाऊन टाकेल. घासून घासून, आणि खाऱ्या हवेत दोन धातू एकत्र आले म्हणूनही. झिजायचंच तर चाकानं झिजावं, ते बदलता येतं. रूळ बदलायचा तर अख्खी चौकट भिंतीतून काढावी लागेल. लेथवाल्याला ते सगळं पटलं असं दिसलं नाही, पण नायलॉनचा रॉड मागवतो म्हणाला.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, बोटी वर काढलेल्या असतात, आणि त्याच्या दारात शाफ्ट आणि पंख्यांची रांग लागलेली असते. आमच्या चाकाचा नंबर नारळी पौर्णिमेच्या आत लागणं कठीण आहे. तोवर उजवीकडूनच ये-जा. आईची खुर्ची मी त्या बाजूला हलवली आहे. तिथून रहाट दिसत नाही, फणसाचं झाड मध्ये येतं. कालपासून ती विचारतेय की चाक येईपर्यंत फणसाची ती एक फांदी उतरवून घेता येईल का, आणि मी अजून तिला हो म्हटलेलं नाही.